जिजाऊ खचल्या तो दिवस

जिजाऊंवर लेख आहे म्हटल्यावर तुमच्यातले निम्मे जण पान उलटणार, हे मला माहीत आहे. चौथीच्या इतिहासाच्या पुस्तकापासून आपली त्यांची ओळख. रामायण-महाभारताच्या गोष्टी सांगणारी आई, पुण्यात सोन्याचा नांगर फिरवणारी आई, शिवबाला घडवणारी आई... आणि मग दर १२ जानेवारीला भाषणात येणारं ते सगळं. मी तर सिंदखेडराजा तालुक्यातलीच. आमच्याकडे पोरगी जरा ताठ उभी राहायला लागली की तिला नऊवारी नेसवून, हातात पुठ्ठ्याची तलवार देऊन ट्रॅक्टरवर चढवतात. सातवीत असताना मीही चढले होते. हसायचं नाही, रडायचं तर नाहीच नाही, जिजाऊ कधी रडत नसतात, अशी आमच्या बाईंची सक्त ताकीद होती. डोळ्यांत धूळ गेली तरी मी डोळे पुसले नाहीत!

पण मला आज जिजाऊंच्या आयुष्यातला एक असा दिवस सांगायचाय, जो ट्रॅक्टरवर किंवा स्टेजवर कधी येत नाही. १६६४ सालचा, राजगडावरचा. त्या दिवशी जिजाऊ खचल्या होत्या. आता जगायचंच नाही, इथपर्यंत त्या आल्या होत्या. ही माझ्या मनाची गोष्ट नाही, जुन्या बखरीत लिहून ठेवलेलं आहे. पण तिथपर्यंत पोचायचं तर आधी मागचं थोडं सांगावं लागेल.

जालन्याहून मेहकरकडे निघालात की वाटेत सिंदखेडराजा लागतं. रस्त्याला लागूनच लखुजीराव जाधवांच्या राजवाड्याचा तो मोठा दरवाजा. लखुजीराव म्हणजे निजामशाहीतलं बडं प्रस्थ. त्यांच्या पत्नी म्हाळसाबाई. १२ जानेवारी १५९८ ला, पौष पौर्णिमेला, या वाड्यात जिजाऊंचा जन्म झाला. सिव्हिलवाल्यांनी इथे आलात तर वाडा बघून लगेच परत फिरू नका. मोती तलाव बघा. किल्ल्याच्या तटासारखी त्याची भिंत बघितली की चारशे वर्षांपूर्वी पाणी अडवणाऱ्याला काय काय कळत होतं, हे लक्षात येतं. पुतळा बारवही बघा. असो, हा विषय वेगळा आहे, त्यावर पुढच्या अंकात लिहीन म्हणते.

तर अशा भरल्या घरातली ही मुलगी. लग्न लहान वयातच झालं, वेरूळच्या मालोजीराजे भोसल्यांच्या मुलाशी, शहाजीराजांशी. रंगपंचमीला दोन लेकरं एकमेकांवर रंग उडवत होती, लखुजीराव चेष्टेत जोडा शोभतो म्हणाले आणि मालोजींनी तोच शब्द धरून ठेवला, ही गोष्ट तुम्हाला माहीत असेलच. सिनेमासारखी आहे. पण त्याच्या पुढची गोष्ट सिनेमात कोणी घालत नाही. खंडागळे नावाच्या सरदाराचा हत्ती दरबाराबाहेर बिथरला. त्याला आवरता आवरता सरदारांच्या माणसांत जुंपली आणि बघता बघता जाधव विरुद्ध भोसले अशी तलवार चालली. जिजाऊंचे सख्खे भाऊ दत्ताजी त्यात मारले गेले. भोसल्यांकडचा संभाजी, म्हणजे शहाजीराजांचा चुलतभाऊ, तोही गेला. एका बिथरलेल्या हत्तीपायी माहेरचा एक आणि सासरचा एक! त्या दिवसानंतर माहेरी जायचं तरी कोणत्या तोंडाने, आणि सासरी राहून भावासाठी रडायचं तरी कसं?

मग आलं १६२९ साल. जुलै महिना. दौलताबादला निजामशहाच्या दरबारात मुजऱ्याला गेलेले लखुजीराव, त्यांचे दोन मुलगे अचलोजी आणि राघोजी, आणि नातू यशवंतराव, असे चौघे जण दगा करून मारले गेले. वडील, दोन भाऊ, एक भाचा. एकाच दिवशी. आता जरा हिशोब करा. शिवाजी महाराजांचा जन्म १९ फेब्रुवारी १६३० चा. म्हणजे ही बातमी आली तेव्हा जिजाऊंना नुकते कुठे दिवस गेले होते. आपल्याकडे अशा बाईला साधी वाईट बातमीसुद्धा सांगत नाहीत. आमच्या सिंदखेडला लखुजीराजांची ती भलीमोठी समाधी आहे, लोक तिच्यासमोर फोटो काढतात. मीही काढलेत. पण तो जुलै महिना आणि त्या पोटुशा लेकीचा हिशोब एकत्र केल्यापासून मला तिथे पहिल्यासारखं उभं राहता येत नाही.

पुढचं सगळं मी भराभर सांगते, कारण एकेका ओळीवर एकेक लेख होईल. शिवनेरीवर बाळंतपण. बाहेर १६३० ते ३२ चा भयंकर दुष्काळ, गावंच्या गावं ओस पडलेली. शहाजीराजे निजामशाही सोडून मोगलांकडे गेले, मग मोगलांशीही बिनसलं. इकडे माहेरचे उरलेले जाधव मात्र मोगलांकडेच राहिले. म्हणजे सासर-माहेर पुन्हा समोरासमोर! जिजाऊंना सहा मुलं झाली आणि त्यातली दोनच जगली असं सांगतात, थोरला संभाजी आणि धाकटा शिवाजी. १६३६ नंतर शहाजीराजे आदिलशाहीच्या चाकरीत कर्नाटकात गेले, संभाजी त्यांच्याकडे राहिला. धाकट्याला घेऊन जिजाऊ पुण्याच्या जहागिरीत आल्या. पुणं तेव्हा आदिलशाही फौजेने बेचिराख केलेलं. गाढवाचा नांगर फिरवून, पहार ठोकून गाव मोडलं होतं असं म्हणतात. तिथे घरं उठवायची, कुळं बोलवायची, कसब्यातल्या गणपतीची व्यवस्था लावायची. सोन्याच्या नांगराची आख्यायिका तिथली. नांगर सोन्याचा असो की लोखंडाचा, ओसाड गाव पुन्हा वसवण्याचं काम खरंच झालं.

१६४८ ला शहाजीराजांना कर्नाटकात कैद झाली, सुटका व्हायला पुढचं वर्ष उजाडलं. १६५५ च्या सुमारास थोरला संभाजी कनकगिरीच्या वेढ्यात मारला गेला. १६५९ ला सून सईबाई गेल्या, मागे दोन वर्षांचं लेकरू ठेवून. तो नातू, म्हणजे पुढचे छत्रपती संभाजी महाराज, आजीच्याच हाताखाली वाढला. त्यानंतर दोनच महिन्यांत अफझलखान. पुढच्या वर्षी पन्हाळ्याचा वेढा; मुलगा आत अडकलेला, आणि साठी ओलांडलेल्या जिजाऊ स्वतःच सैन्य घेऊन सोडवायला निघाल्या होत्या, असं शिवभारतात वर्णन आहे.

इथपर्यंत वाचून तुम्हीही तेच म्हणाल, जे आमच्या गावात सगळे म्हणतात. बाई लोखंडाची होती!

आता १६६४. जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात महाराजांनी सुरत लुटली. आग्र्यापासून विजापूरपर्यंत बोलबाला. आणि त्याच महिन्यात, २३ जानेवारीला, तिकडे कर्नाटकात होदिगेरेजवळ शिकारीच्या मागे दौडताना घोड्याचा पाय अडकला, घोडा कोसळला आणि शहाजीराजे गेले. महाराज सुरतेहून परत आले तोवर ही बातमी येऊन धडकली.

राजगडावर जिजाऊंनी सती जायची तयारी केली.

सभासदाच्या बखरीत हा प्रसंग आहे. कृष्णाजी अनंत सभासद हा महाराजांच्या पदरी असलेला माणूस, त्याने १६९० च्या दशकात जिंजीला राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून ही बखर लिहिली. लढायांवर पानंच्या पानं लिहिणारा हा माणूस, या प्रसंगाला त्याने मोजून दोन-तीन ओळी दिल्यात. पण त्या ओळींत काय आहे बघा. महाराज आईच्या मांडीवर जाऊन बसले. गळ्याला मिठी मारली. शपथ घातली. आणि म्हणाले काय, तर माझा पराक्रम बघायला आता कोणी उरलं नाही, तू जाऊ नकोस. महाराजांनी आणि गडावरच्या थोर थोर माणसांनी मिळून खूप प्रयत्नांनी त्यांना थांबवलं.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून तशीच बसले होते. चौतिशीला टेकलेला माणूस. अफझलखान मारलेला, शाहिस्तेखानाची बोटं तोडलेली, नुकती सुरत लुटून आलेला. तो आईच्या मांडीवर जाऊन बसतो. जिजाऊंनीच त्याला लहानपणी हजार गोष्टी शिकवल्या होत्या, धीराच्या, धर्माच्या. त्यातली एकही त्याने त्या दिवशी परत ऐकवली नाही. तू तर वीरमाता, तू खचलीस तर कसं होणार, असलं काहीही नाही. त्याने फक्त सांगितलं की मला तू पाहिजेस.

इथे एक गोष्ट स्पष्ट लिहिते, नाहीतर इतिहासवाले मला धरतील. सती ही त्या काळची प्रथा होती. जिजाऊंच्या मनात नेमकं काय काय होतं, याला आजचं डिप्रेशनचं लेबल लावायचा मला अधिकार नाही आणि तसं लावूही नये. पण प्रथा होती म्हणून प्रसंग हलका होत नाही, उलट जड होतो. त्या गेल्या असत्या तर कोणी नावं ठेवली नसती. लोकांनी हळद-कुंकू वाहिलं असतं. आपल्या भागात गावाच्या वेशीवर सतीशिळा असतात ना, कोपरात वाकलेला, बांगड्या भरलेला हात कोरलेल्या? तशी एक शिळा उभी राहिली असती आणि सगळ्यांनी तिला नमस्कार केला असता. सगळा गाव ज्याला पुण्य म्हणेल तेच करू पाहणाऱ्या माणसाला थांबवायचं, म्हणजे त्या थांबवणाऱ्यांनाही किती जोर लावावा लागला असेल!

आता हे सगळं मी कॉलेजच्या अंकात का लिहितेय? सांगते.

सेकंड इयरला असताना माझे पप्पा गेले. हार्ट अटॅक. गावाकडून फोन आला तेव्हा मी ड्रॉइंग हॉलमध्ये होते. तेरावं झाल्यावर हॉस्टेलला परत आले. पहिले काही दिवस रडले, मग रडणं थांबलं. सगळ्यांना वाटलं सावरली. मलाही तसंच वाटलं. पण पहाटे तीन-साडेतीनला जाग यायची ती यायचीच. मेसचं जेवण तसंही काही ग्रेट नसतं, पण मला कशालाच चव लागेना. स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्सचं एकच पान आठवडाभर समोर. आंघोळ म्हणजे सुद्धा प्रोजेक्ट वाटायचं. दोन महिने होऊन गेले तरी तसंच. आणि डोक्यात एकच, की आपण असून नसून सारखंच.

या काळात मला जे जे भेटले ते सगळे चांगलीच माणसं होती, हे आधी सांगून टाकते. पण प्रत्येकाचं वाक्य एकच. जिजाऊच्या गावची पोर तू, तू खचून कसं चालेल? फोनवर मावशी तेच, गावात भेटलेले पाहुणे तेच. एका प्रेरणादायी व्याख्यानाला गेले, तर तिथल्या सरांनी रोज सकाळी आरशासमोर उभं राहून मी आनंदी आहे असं दहा वेळा म्हणायला सांगितलं. चार दिवस केलं. पाचव्या दिवशी आरशातली मुलगीच कंटाळली! पॉझिटिव्ह राहा, पॉझिटिव्ह राहा... इलेक्ट्रिकलच्या मित्रांनो, तुम्हीच सांगा, नुसत्या पॉझिटिव्ह टर्मिनलला वायर लावून कधी बल्ब पेटलाय का? सर्किट पूर्ण व्हायला दुसरी बाजू लागतेच ना.

ती दुसरी बाजू माझी रूममेट निघाली. तिने मला एकही सुविचार ऐकवला नाही. सर्व्हेइंगचं प्रॅक्टिकल होतं, लेव्हलिंग. मी येणार नाही म्हणून पांघरूण ओढून पडले होते. ती माझ्या कॉटवर येऊन बसली आणि म्हणाली, आपल्या ग्रुपमध्ये स्टाफ सरळ धरणारी तू एकटीच आहेस, ती पोरं वाकडा धरतात आणि माझी सगळी रीडिंग चुकतात, चल. ज्यांनी लेव्हलिंग केलंय त्यांना माहीत आहे, एकट्याने ते होतच नाही. एक जण इन्स्ट्रुमेंटवर आणि एक जण स्टाफ धरून समोर लागतोच. मी गेले. काही बरं वगैरे वाटलं नाही, खोटं कशाला सांगू. ऊन लागलं, पाय दुखले. पण दोन तास मी उभी होते आणि कोणीतरी त्या दुर्बिणीतून माझ्याकडे बघत होतं.

त्याच आठवड्यात तिला मी पहाटेच्या त्या विचारांबद्दल सांगितलं. ती घाबरली, पण लेक्चर दिलं नाही. दुसऱ्या दिवशी दोघी एसटीने बुलढाण्याला सरकारी दवाखान्यात गेलो, मानसोपचाराच्या ओपीडीत. लाईनमध्ये उभं राहताना मी स्कार्फ डोळ्यांपर्यंत ओढला होता. लाईनमध्ये कोण होतं? एक शेतकरी काका, एक बाळंतीण आणि तिची आई, बँकेत असावेत असे वाटणारे एक साहेब. वेडं कोणीच दिसेना!

डॉक्टरांनी सांगितलं ते माझ्या शब्दांत सांगते. माणूस गेल्यावर दुःख होणारच, ते आजार नाही, त्याला वेळ द्यायचा. पण झोप, भूक, लक्ष लागणं सगळंच आठवडेच्या आठवडे बिघडलेलं असेल, कशातच मन लागत नसेल आणि जगण्यात अर्थ नाही असं वाटायला लागलं असेल, तर तो डिप्रेशन नावाचा आजार असू शकतो. कावीळ किंवा टायफॉइडला जसं कोणी मन घट्ट कर म्हणत नाही, तसंच इथेही म्हणायचं नाही. दोन आठवडे असं चाललं तरी डॉक्टरकडे जायला पुरेसं कारण आहे. उपचारात बोलणंही येतं आणि गरज असेल तर गोळ्याही येतात. गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे, कधी जास्तही लागतात. दोन दिवसांत काही झालं नाही म्हणून सोडायच्या नाहीत आणि बरं वाटलं म्हणून आपल्या मनाने बंदही करायच्या नाहीत. मी डॉक्टर सांगतील तोपर्यंत घेतल्या. तिसऱ्या आठवड्यात एके रात्री मेसच्या वरणाला चव लागली. त्या वरणाला चव लागणं म्हणजे काय ते आमच्या हॉस्टेलच्या मुलींनाच कळेल.

ज्यांना दवाखान्यापर्यंत जाणं जमत नाही त्यांच्यासाठी टेलि-मानस नावाची सरकारी सेवा २०२२ पासून सुरू आहे. नंबर १४४१६. चोवीस तास, फुकट, आणि मराठीतही बोलता येतं. नंबर मोबाईलमध्ये सेव्ह करून ठेवा. स्वतःसाठी नको असेल तर शेजारच्या कॉटसाठी ठेवा.

त्या दिवसांतच, पुन्हा वाचन जमायला लागल्यावर, लायब्ररीत सभासदाची बखर हाताला लागली आणि मी वर सांगितलेल्या ओळी वाचल्या. मनात पहिला विचार आला तो असा, की अरे, म्हणजे ज्यांचं नाव घेऊन मला खचू नको म्हणत होते, त्या स्वतः खचल्या होत्या! आणि त्याने त्यांची उंची माझ्या मनात तसूभरही कमी झाली नाही. उलट इतकी वर्षं ट्रॅक्टरवर होत्या, त्या आता खाली उतरून शेजारी येऊन बसल्या असं वाटलं.

आणि त्या थांबल्या, मग पुढे काय झालं? पुढे दहा वर्षं झाली. ती दहा वर्षं सोपी झाली असं मुळीच नाही. एक वर्षसुद्धा पूर्ण व्हायच्या आत, ६ जानेवारी १६६५ ला, सूर्यग्रहणाच्या दिवशी, महाराजांनी महाबळेश्वरला जिजाऊंची सोन्याने तुला केली. ज्या आईला त्या दिवशी मिठी मारून धरून ठेवलं होतं, तिचं वजन तराजूत सोन्याने मोजलं. बरोबर म्हाताऱ्या सोनोपंत डबिरांचीही तुला केली. मला ही गोष्ट राज्याभिषेकाइतकीच मोठी वाटते. पण त्यानंतर सहा महिने होत नाहीत तोच पुरंदरचा तह, तेवीस किल्ले मिर्झाराजे जयसिंगाच्या हवाली. कमावलेलं निम्म्याहून अधिक गेलं.

मार्च १६६६ मध्ये महाराज आग्र्याला निघाले, नऊ वर्षांच्या संभाजीला घेऊन. मागे राज्य कोणाच्या भरवशावर? अडुसष्ट वर्षांच्या जिजाऊंच्या. मोरोपंत वगैरे कारभारी होतेच, पण शब्द आईसाहेबांचा. तिकडे मुलगा आणि नातू दोघेही औरंगजेबाच्या पहाऱ्यात. रोज काय बातमी येईल सांगता येत नाही. आपल्याला रिझल्टच्या आदल्या रात्री झोप येत नाही, इथे महिनेच्या महिने असे गेले. ऑगस्टमध्ये महाराज निसटले. पुढे गोसाव्याच्या वेशात राजगडावर आले तेव्हा आईनेही आधी ओळखलं नाही, अशी कथा आहे. नातू मागे मथुरेला ठेवलेला होता आणि तो गेला अशी आवई उठवलेली होती. तोही नंतर सुखरूप आला.

याच दहा वर्षांत कोंढाणा परत आला, १६७० ला. जिजाऊंनी हट्ट धरला म्हणून तो घेतला असं पोवाड्यात आहे. पोवाडा म्हणजे पुरावा नव्हे, हे मान्य. पण लोकांना ही म्हातारी गडाकडे बोट दाखवणारी वाटली, हे तरी त्यातून कळतंच. त्यांच्या नावाची आज्ञापत्रं आणि निवाडे आजही उपलब्ध आहेत. कुणाचं वतन, कुणाचा वाद, कुठल्या देवस्थानाचं काय. अगदी रोजची, कंटाळवाणी वाटावीत अशी कामं. मला वाटतं त्या मिठीइतकंच या कामांनीही त्यांना धरून ठेवलं असणार. हे माझं मत हं, बखरीतलं नाही.

रायगडावर राजधानी आली तेव्हा जिजाऊ सत्तरी ओलांडून पुढे गेल्या होत्या. गडावरची थंडी-वारा त्यांना सोसेना, म्हणून महाराजांनी पायथ्याशी पाचाडला त्यांच्यासाठी वाडा बांधून दिला. ६ जून १६७४ ला राज्याभिषेक झाला. ज्याने आपला पराक्रम बघायला तू थांब म्हणून शपथ घातली होती, त्याचं सिंहासन जिजाऊंनी पाहिलं. आणि अकरा दिवसांनी, १७ जूनला, पाचाडच्या वाड्यात त्या गेल्या. शहाहत्तराव्या वर्षी, आजारपणाने, आपल्या माणसांत. समाधी तिथेच आहे.

रायगडला ट्रिप निघाली की बहुतेक जण रोप-वेकडे पळतात आणि पाचाड बसच्या खिडकीतून मागे जातं. आमच्या बॅचची ट्रिप गेली तेव्हा मी हट्टाने बस थांबवली. वाड्याचे आता चौथरे आणि तटाच्या भिंतीच उरल्यात. आत एक विहीर आहे, तिला तक्क्याची विहीर म्हणतात. काठावर टेकून बसायला दगडाचाच तक्क्या केलेला आहे. तिथे जिजाऊ टेकून बसायच्या आणि पाणी भरायला येणाऱ्या गावच्या बायांची, घरी काय चाललंय, कोण आजारी आहे, लेकरू कसं आहे, अशी एकेकीची विचारपूस करायच्या, असं तिथले लोक सांगतात.